भरती तोंडावर अन् नडगी धरली

प्रश्न : भाऊ, मी अमळनेर तालुक्यातला, वय २१. पोलीस भरतीची तयारी करतोय. दिवाळीनंतर अकॅडमीत नाव घातलं. पहाटे साडेचारला उठून आम्ही सगळे धुळे रस्त्याच्या डाव्या कडेनं सहा-आठ किलोमीटर पळतो, शिवाय आठवड्यातून तीनदा मैदानावर सोळाशे मीटरचं टायमिंग लावतो. चौथ्या आठवड्यात दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. आधी पळायला लागलं की दुखायचं आणि अंग तापलं की थांबायचं. आता पळून आल्यावर जिना उतरतानाही दुखतं. उजवा पाय जास्त. सोबतची पोरं म्हणतात, ‘नवीन आहेस, हाड तयार होतंय, पळत राहा.’ घरचे म्हणतात, बंद कर. मला कोडं पडलंय ते वेगळंच. पळाल्यानं हाड मजबूत होतं असं वाचलंय, मग पळाल्यानंच हाड दुखतं कसं? आणि ग्राउंड, म्हणजे मैदानी चाचणी, होईपर्यंत आता करू काय?

उत्तर : सोबतची पोरं अर्धं खरं बोलताहेत. हाड तयार होतंय हे बरोबर. म्हणून पळत राहा, हे साफ चूक.

तुमचं दुखणं वर्णनावरून तरी शिन स्प्लिंट्स या नावानं ओळखलं जाणारं दिसतं. पळायला नव्यानं लागलेली माणसं आणि सैन्यातले नवे रंगरूट यांच्यात ते फार दिसतं. पळताना प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट जोर जमिनीकडून पायावर उलटा येतो. या जोरानं नडगीचं हाड दर पावलाला किंचित वाकतं आणि सरळ होतं. डोळ्याला दिसत नाही, पण वाकतं. खालच्या तिसऱ्या भागाच्या आसपास ते सगळ्यात बारीक असतं, त्यामुळे ताण तिथे साठतो. त्यात पोटरीचे खोल स्नायू आतल्या कडेवरचं हाडाचं आवरण ओढत असतात.

हा ताण हाडाला कळतो आणि हाड स्वतःला नव्यानं बांधायला घेतं. गोम इथेच आहे. बांधण्याआधी ते उकरतं. जुनं, थकलेलं हाड खाणाऱ्या पेशी आधी येतात आणि दोन-तीन आठवडे पोखरण्याचं काम करतात. भरणाऱ्या पेशी मागाहून येतात आणि त्यांना तीन महिन्यांच्या आसपास लागतात. तरसोद-फागणे महामार्गाच्या चौपदरीकरणाच्या काळात जळगाव-धुळे प्रवास ज्यांनी केला त्यांना हे वेगळं समजवायला नको : जुनं डांबर उखडलेलं, नवा थर अजून आलेला नाही आणि वाहतूक मात्र चालूच. तुमची नडगी चौथ्या आठवड्यात दुखायला लागली हा योगायोग नाही. त्या वेळी ती सुरुवातीपेक्षाही कच्ची असते. पळाल्यानं हाड मजबूत होतं हे तुम्ही वाचलेलं खरंच आहे. पुस्तकात फक्त मधला महिना गाळलेला असतो.

दम तीन आठवड्यांत वाढतो. मांड्या-पोटऱ्या दीड-दोन महिन्यांत भरतात. हाडाला साडेतीन-चार महिने लागतात. म्हणून पोराला वाटतं, आता आपण तयार झालो, आणि तेव्हाच तो अंतर दुप्पट करतो. आता भरतीचं कॅलेंडर बघा. २०२४च्या भरतीत राज्यात १७,४७१ जागा होत्या. अर्ज ५ मार्चला सुरू झाले, मैदानी चाचणी १९ जूनला. मधले दिवस १०६. म्हणजे जाहिरात आल्यावर बूट बांधणाऱ्याला हाडाच्या एका फेरीपुरताच वेळ मिळतो, आणि मध्ये नडगी धरली तर तोही नाही. मला विचाराल तर खान्देशातल्या पोरांच्या नडग्या डांबरामुळे कमी आणि ‘जाहिरात येऊ दे, मग बघू’ या सवयीमुळे जास्त दुखतात. तुम्ही दिवाळीनंतर सुरुवात केलीत, हे चांगलं केलंत. चुकलं ते पहिल्याच आठवड्यापासून आठ किलोमीटर.

आता एक तपासणी घरी करा. ओट्यावर बसा, दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवा. आतल्या घोट्यापासून अंगठ्यानं नडगीची आतली कड दाबत दाबत वर या. तिथे हाडावर कातडीशिवाय फारसं काही नसतं, म्हणून अंगठ्याला सगळं कळतं. तीन-चार बोटं रुंदीच्या पट्ट्यात, म्हणजे पाच सेंटिमीटर किंवा जास्त लांबीवर सगळीकडे दुखत असेल, तर बहुधा शिन स्प्लिंट्सच. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर पाय झटकन मागे येत असेल, त्या एका पायावर उडी मारली तर तीच जागा कळवळत असेल, रात्री झोपेतही ठणकत असेल, चालताना लंगडायला होत असेल, तर हाडाला बारीक चीर गेल्याचा संशय घ्यायचा. पळणं त्याच दिवशी बंद. धुळ्याच्या भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा जळगावच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागाची ओपीडी असते, तिथे दाखवा. आणि एक लक्षात असू द्या : अशी चीर पहिले दोन-तीन आठवडे साध्या एक्स-रेत बहुतेक वेळा दिसत नाही. ‘फोटो काढला, काही नाही निघालं’ म्हणून पोरं पुन्हा मैदानात उतरतात आणि मग खरंच मोडून घेतात. शंका राहिली तर एमआरआय लागतो.

दुसरं एक दुखणं याच्यासारखं भासतं. पळताना नडगीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू दगडासारखा घट्ट होतो, पंजाला मुंग्या येतात, पाऊल फट्फट् आपटायला लागतं आणि थांबल्यावर पाच-दहा मिनिटांत सगळं गायब. हे हाडाचं नाही, स्नायूच्या आवरणात दाब वाढल्याचं आहे. तेही डॉक्टरांना दाखवायचं. पोटरी एकाच पायाची सुजून गरम झाली असेल तर मात्र दिवसही थांबू नका.

तुमचं साधं शिन स्प्लिंट्सच आहे असं धरू. मग औषध काय? नेदरलँड्समध्ये ७४ खेळाडूंवर केलेला एक अभ्यास आहे, तो मला फार प्रामाणिक वाटतो. एका गटाला फक्त हळूहळू वाढत जाणारं पळणं दिलं, दुसऱ्याला त्यासोबत स्ट्रेचिंग आणि पोटरीचे व्यायाम, तिसऱ्याला पळण्यासोबत घट्ट मोजे. अठरा मिनिटं न दुखता पळता येईपर्यंत तिन्ही गटांना सरासरी शंभराच्या वर दिवस लागले. फरक नगण्य. म्हणजे बर्फ लावा, पट्टी बांधा, मिठाच्या पाण्यात पाय बुडवा. बरं वाटतं, तर करा. पण हाड आपल्या वेळापत्रकानंच चालतं. तुमच्या हातात एवढंच आहे की त्याला रोज नवं खणायला लावायचं नाही.

तेव्हा चालताना अजिबात दुखेनासं होईपर्यंत पळणं थांबवा. याला दोन-तीन आठवडे लागतील, कदाचित जास्त. या काळात घरी बसायचं नाही. सायकल हाणा, चढावर हाणा, दम टिकून राहील. आणि गोळा उचला. शारीरिक चाचणीचे गुण पन्नास. त्यातले सोळाशेचे वीस, शंभर मीटरचे पंधरा आणि गोळाफेकीचे पंधरा. सगळ्यांचा जीव सोळाशेत अडकलेला असतो आणि ७.२६० किलोचा गोळा शेवटच्या आठवड्यात हातात येतो. नडगी दुखत असताना जो पोरगा तीन आठवडे गोळ्याचं तंत्र शिकतो, तो मैदानात तीन-चार गुण सहज जास्त काढतो. मेरिट कितीवर लागतं ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता.

पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभं राहून टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम दुखत नसेल तेव्हापासून सुरू करा. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा थोडा वाकवून. वाकवल्यावर पोटरीचा आतला रुंद स्नायू काम करतो, आणि नडगीला पळताना आधार देणारा तोच. घाई नाही, वर जायला दोन सेकंद, खाली यायला तीन. हळूहळू एका पायावर पंचवीसपर्यंत या. वरच्या अभ्यासात अशा व्यायामानं बरं व्हायचे दिवस घटले नाहीत, हे खरं. तरी करायचे, कारण पुढच्या वेळी थकलेली पोटरी सगळा भार हाडावर टाकणार नाही.

पुन्हा पळायला लागाल तेव्हा दिवसाआड. एक मिनिट पळा, एक मिनिट चाला, असं वीस मिनिटं. दुखणं दहापैकी दोनाच्या आत राहिलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत गेलं, तर पुढच्या खेपेला पळणं थोडं वाढवा; नाहीतर मागच्याच पायरीवर थांबा. आधी वेळ वाढवायचा, वेग सगळ्यात शेवटी, कारण वेगानं हाडावरचा ताण चढत जातो. सोळाशेला पूर्ण वीस गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंद लागतात, म्हणजे चारशेच्या मैदानावर दर राउंड साडेसत्त्याहत्तर सेकंदांचा. यासाठी रोज आठ किलोमीटर कशाला हवेत? राज्य राखीव दलासाठी पाच किलोमीटर असतात, ती तयारी वेगळी. धुळ्याच्या गट सहासाठी पळणाऱ्यांचं बघून सोळाशेवाल्यांनी अंतर वाढवू नये.

पाऊल थोडं आखूड टाका. अर्ध्या मिनिटात उजवा पाय किती वेळा पडतो ते मोजा. ३८ येत असतील तर ४०-४१ करून बघा. तेवढ्याच वेगात पावलं जास्त म्हणजे प्रत्येक पावलाचा दणका कमी.

उजवा पाय जास्त का, याचं उत्तर बहुधा तुमच्याच पत्रात आहे. पाणी निथळावं म्हणून डांबरी रस्ता कडेला उतरता असतो. रोज डाव्या कडेनं पळालात तर डावा पाय खालच्या अंगाला आणि उजवा वरच्या अंगाला. वरच्या अंगाचा पंजा आत कलतो आणि नडगीची आतली कड ताणते. शिवाय अंधारात मागून येणारा ट्रक तुम्हाला दिसत नाही, ते निराळंच. रस्ता सोडा, मैदान धरा. मैदानावरही सगळे राउंड एकाच दिशेनं नकोत. चैत्र-वैशाखात आपली काळी माती सिमेंटला हरवेल अशी टणक होते आणि वर भेगा पडतात, तेव्हा शेतातली वाट मऊ असेल म्हणून तिकडे जाऊ नका.

आता झोप. साडेचारला उठता, तर निजता किती वाजता? मोबाइल ठेवून अकरा-साडेअकरा? इस्रायलच्या सैन्यात १९८०च्या दशकात २९५ रंगरूटांवर लक्ष ठेवलं, तेव्हा ३१ टक्क्यांच्या हाडांना चिरा सापडल्या. सैन्यानं बूट बदलून पाहिले, औषधं पाहिली. पुढे चालण्याचं एकूण अंतर घटवलं आणि रात्री किमान सहा तास झोप सक्तीची केली, तेव्हा प्रमाण निम्म्याहून खाली आलं. अकॅडमीवाल्या सरांना हे वाचून दाखवा. आमच्याकडे अजूनही जो पहाटे सगळ्यांत आधी मैदानात तो शूर.

आणि शेवटचं, जे तुम्ही विचारलं नाहीत पण पुष्कळ जण करतात : ग्राउंडच्या दिवशी दुखण्याची गोळी किंवा इंजेक्शन घेऊन पळणं. दुखणं झाकलं जातं, चीर झाकली जात नाही. त्यात आपल्याकडचा उन्हाळा; अंगातलं पाणी आटलेलं असताना डायक्लोफिनॅकसारखी औषधं मूत्रपिंडावर घाव घालतात. नडगी दोन-चार महिन्यांत बरी होते, मूत्रपिंडाचं तसं नाही.

प्रश्न : मी जळगावला बँकेत आहे, वय ४३. मैत्रिणींसोबत मेहरुण तलावाच्या रस्त्यावर वर्षभर चालत होते. ‘खान्देश रन’साठी दहा किलोमीटर पळायचं ठरवलं आणि नडगी दुखायला लागली. दुकानात पायाचा ठसा घेऊन महागडे बूट दिले, तरी दुखतंच. माझी १९ वर्षांची मुलगीही भरतीसाठी आठशे मीटरची तयारी करतेय. तिचीही नडगी दुखते. वजन कमी व्हावं म्हणून तिनं रात्रीचं जेवण सोडलंय, तीन महिने पाळी आलेली नाही. ती म्हणते, पळणाऱ्या मुलींचं असं होतंच. खरं का?

उत्तर : ताई, आधी तुमचं उरकतो. बूट परत करायला जाऊ नका, पण त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षाही नको. अमेरिकी सैन्यदलांत हजारो रंगरूटांना तळव्याच्या ठेवणीनुसार बूट देऊन पाहिले. सरसकट एकाच तऱ्हेचे बूट घालणाऱ्यांपेक्षा त्यांच्या दुखापती कमी झाल्या नाहीत. झिजलेले नसावेत आणि पायाला बरे वाटावेत, एवढं पुरे. चालण्यावरून एकदम पळण्यावर आलात, हेच कारण. वरचं उत्तर तुम्हालाही लागू, फक्त तुम्हाला जाहिरातीची घाई नाही. यंदा पाच किलोमीटर पळा, दहा पुढच्या वर्षी.

मुलीचं मात्र आजच मनावर घ्या. पाळी तीन महिने न येणं हे नडगी दुखण्यापेक्षा गंभीर आहे. पळायला लागतं तेवढं अन्न पोटात जात नसेल तर शरीर आधी पाळी बंद करतं. त्यासोबत इस्ट्रोजेन घटतं, आणि हाड भरायला ते लागतंच. म्हणजे खणणं चालू, भरणं बंद. अशा मुलींच्या नडगीत चीर पडण्याचा धोका बराच वाढतो. स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, हाडाच्या डॉक्टरांनाही. ‘असं होतंच’ हे वाक्य घरात कोणालाही म्हणू देऊ नका.

रात्रीचं जेवण आजपासूनच सुरू करा. कळण्याची भाकरी, वर तूप किंवा तेल, वरण, दही, केळं. आपल्या घरात जे आहे तेच. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्या. आपल्याकडे ऊन रग्गड आहे, पण पहाटे अंधारात पळणाऱ्या आणि दिवसा डोळ्यांपुरती फट ठेवून स्टोल गुंडाळणाऱ्या मुलींच्या अंगाला ते लागतं कुठे? अमेरिकी नौदलाच्या पाच हजारांवर महिला रंगरूटांना आठ आठवडे कॅल्शियम आणि ‘ड’ जीवनसत्त्व दिलं, तेव्हा हाडाच्या चिरा साधारण वीस टक्क्यांनी घटल्या. गोळ्या किती घ्यायच्या ते डॉक्टर सांगतील. आठशेला पूर्ण गुणांसाठी २ मिनिटं ५० सेकंद लागतात. उपाशी पोटी ती वेळ कोणाची बसलेली मी पाहिली नाही.

प्रश्न : आम्ही दोंडाईच्याचे. दरवर्षी सारंगखेड्याच्या घोडेबाजाराला जातो. माणसाच्या नडगीचं हे दुखणं घोड्यांना होतं का? ते तर जन्मभर पळतात.

उत्तर : होतं, आणि त्यातून माणसांच्या डॉक्टरांनीही शिकावं असं पुष्कळ आहे. मुंबईच्या महालक्ष्मीला किंवा पुण्याला शर्यतीत धावणारे थरोब्रेड घोडे दोन वर्षांच्या कोवळ्या वयात तालमीला लावतात. त्या वयात त्यांच्या पुढच्या पायाच्या, गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाला समोरून सूज येते, हात लावू देत नाहीत. अमेरिकेत तर दोन वर्षांच्या थरोब्रेडमध्ये हे दहापैकी सातांना होतं असं सांगितलं जाई. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डेव्हिड नुनामेकर या पशुशल्यविशारदांनी यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या लक्षात आलं की जुन्या पद्धतीत घोड्याला आठवडेच्या आठवडे संथ चालीनं मैलोन्‌मैल पळवत आणि मग अधूनमधून एकदम भरधाव सोडत. संथ चालीत नळीवर जो ताण येतो त्याची दिशाच वेगळी. हाड त्या तालमीसाठी तयार होतं आणि शर्यतीला कच्चं राहतं. त्यांनी पद्धत बदलली. लांबचं संथ पळणं कमी, आणि अगदी थोड्या अंतराची वेगवान दौड वारंवार, हळूहळू वाढवत. नळ्या दुखण्याचं प्रमाण घटलं.

यामागचं कारण उंदरांवरच्या प्रयोगांत सापडलं. इंडियाना विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की हाडाला पहिले वीसेक दणके नीट ऐकू जातात, पुढे ते जवळपास बहिरं होतं आणि कित्येक तासांच्या विश्रांतीनंतर पुन्हा ऐकायला लागतं. म्हणजे आठ किलोमीटरच्या हजारो पावलांतली बहुतेक पावलं हाड घडवण्यासाठी वायाच जातात, झीज मात्र प्रत्येक पावलाची होते. अमळनेरच्या भावानं हे मुद्दाम वाचावं. नडगी पूर्ण बरी झाल्यावर सकाळी वीस आणि संध्याकाळी वीस दोरीवरच्या उड्या, एवढंच हाडासाठी पुष्कळ.

सारंगखेड्याला दत्त जयंतीच्या यात्रेत तापीकाठी उभे राहतात ते बहुतेक मारवाडी आणि काठेवाडी. त्यांना नाचवतात, त्यांची रवाल चाल बघतात, शर्यतीत लहानपणी कोणी जुंपत नाही, म्हणून तुम्हाला हे दुखणं तिथे सहसा दिसलं नसेल. पण दोन वर्षांचं शिंगरू घेऊन त्याच उन्हाळ्यात टांग्याच्या शर्यतीत उतरवायचा विचार असेल, तर सौदा ठरण्याआधी पुढच्या पायांच्या नळीवर समोरून हात फिरवून बघा, आणि घेतल्यावर निदान पुढचा उन्हाळा येईपर्यंत त्याला शर्यत दाखवू नका.